दोन प्रोजेक्टरच्या सांध्यावरची पट्टी

भिंतीवर दोन प्रोजेक्टर जोडून दाखवलेल्या दृश्यात मधोमध पट्टी उमटली किंवा एक बाजू फिकी पडली, की जास्त ल्युमेनचा, म्हणजे जास्त उजेडाचा, प्रोजेक्टर आणायचं ठरतं. पैसे जातात, पट्टी तशीच राहते. हे का होतं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९६९ साली डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनमध्ये अर्धपुतळ्यांवर गाणाऱ्या चेहऱ्यांची फिल्म पडू लागली. तिथे काळोख हुकमी होता. १९८०च्या दशकात मायकेल नायमार्कने फिरत्या कॅमेऱ्याने एका दिवाणखान्याचं चित्रीकरण केलं, मग आतलं सगळं सामान पांढरं रंगवून तीच फिल्म त्यावर टाकली. गडद पृष्ठभाग उजेड गिळतो, याला इतका सरळ उपाय दुसरा नाही. पण दृश्य जुन्या वास्तूवर टाकायचं असेल, तर तिला कोण चुना फासू देईल?

पुढचं काम नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात झालं, आणि त्यात नाशिकचे रमेश रासकर आघाडीवर होते. २००१च्या ‘शेडर लॅम्प्स’ या शोधनिबंधात त्यांनी व सहकाऱ्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर दोन प्रोजेक्टरनी रंग चढवले. प्रकाश तिरका पडला की पातळ होतो, अंतर दुप्पट झालं की चौथाई उरतो. ही तूट चित्रातच आधी भरून काढायची, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

आता ती पट्टी. सांध्यात दोन्ही चित्रं थोडी एकमेकांवर चढतात. तिथे दोन्ही प्रोजेक्टरचा सिग्नल निम्मा केला तर बेरीज पूर्ण व्हावी, असं वाटतं. पण उजेड सिग्नलच्या सरळ प्रमाणात नाही, त्याच्या घातात वाढतो; त्या घातांकाला गॅमा म्हणतात. गॅमा २.२ असेल तर निम्म्या सिग्नलला उजेड मिळतो जेमतेम २२ टक्के. दोघांचा मिळून ४४. म्हणून पट्टी गडद. सांध्यात प्रत्येक चित्र कडेकडे मंद करत नेण्याचा उतार गॅमा धरून आखला की ती जाते, नवा प्रोजेक्टर लागत नाही.

त्याच विद्यापीठात अदिती मजुमदार यांनी केलेलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. सगळे प्रोजेक्टर सर्वांत मंद असलेल्याच्या पातळीवर आणले तर उजेड वाया जातो. डोळ्याला हळूहळू होणारा फरक जाणवत नाही, अचानक झालेला लगेच खुपतो; मग सगळीकडे सारखेपणाचा हट्ट कशाला?

काळ्या दृश्यात मात्र उलटं होतं. प्रोजेक्टर पूर्ण काळोख देत नाही, त्यामुळे सांध्यात दोघांचा गळका उजेड साठून पट्टी उजळते. तो सिग्नल घटवून कमी करता येत नाही. बाकीची भिंतच थोडी उजळवावी लागते, आणि तेवढा काळा रंग हातचा जातो.