पक्षाघातोत्तर गृहकार्य-पुनर्वसन

पक्षाघात (अर्धांगवायू) झालेल्या व्यक्तीला घरातल्या नित्याच्या कामांतून हळूहळू स्वावलंबी करण्याची उपचारपद्धती. अंघोळ, कपडे घालणे, जेवणे ही स्वतःची कामे आणि भाजी निवडणे, चहा करणे, कपड्यांच्या घड्या घालणे ही घरची कामे, या दोन्हींचा तीत समावेश होतो. कामे विरंगुळा म्हणून दिली जात नाहीत. काम हाच व्यायाम, अशी यामागची भूमिका आहे. ही पद्धती व्यवसायोपचार या शाखेत मोडते. ‘व्यवसाय’ या शब्दामुळे हा नोकरीधंद्यासाठीचा उपचार असल्याचा समज होतो; माणूस ज्यात गुंततो ते कोणतेही काम, हा येथे अभिप्रेत अर्थ आहे.

बोलीत या आजाराला ‘अंगावरून वारं जाणे’ किंवा लकवा म्हणतात. ‘वारं’ हा शब्द आयुर्वेदातील वातकल्पनेशी जोडलेला असावा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ व्या अध्यायात वातव्याधींमध्ये पक्षवधाचे, म्हणजे पक्षाघाताचेच, वर्णन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पक्षाघात ही संज्ञा येते. दोन्ही संहितांचा काळ निश्चित नाही व त्यांवर उत्तरकालीन संस्कार झालेले आहेत, त्यामुळे संज्ञेच्या प्राचीनतेविषयी ठाम विधान टाळलेले बरे. चरकसंहितेत पक्षाघातावर स्वेदन (घाम आणणे) व स्नेहयुक्त विरेचन (तेल-तूप घातलेला रेच) सांगितले आहे. त्यात आजच्या पद्धतीचे मूळ शोधणे ओढूनताणून होईल.

उगम : एका मतानुसार ही परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल या डॉक्टरांनी आणि इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक यांच्या यॉर्क येथील आश्रयगृहाने (१७९६) मनोरुग्णांना शिवण, बागकाम, घरकाम देण्याचा पुरस्कार केला. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ अमेरिकेतला. जॉर्ज एडवर्ड बार्टन या वास्तुविशारदाला क्षय होता. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे त्याने १९१४ मध्ये एक घर घेऊन सुतारकाम व बागकाम करत स्वतःवरच प्रयोग केले. १९१७ मध्ये त्याच घरी व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. विल्यम रश डंटन व एलिनॉर क्लार्क स्लेगल हे संस्थापकांपैकी होत. बार्टनचा लुळेपणा मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने आलेला नसून हिस्टेरियाचा, म्हणजे मानसिक कारणाचा, होता, असे त्याच्याविषयीच्या लेखनात म्हटलेले आढळते. त्यामुळे त्याला पक्षाघात-पुनर्वसनाचा आद्य रुग्ण म्हणणे सयुक्तिक नाही. शाखेचा संघटित आरंभ १९१७ चा आणि विचाराचे मूळ त्याआधीचे, असे मानणे अधिक ग्राह्य वाटते.

भारतात ही शाखा मुंबईमार्गे आली. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. ते आशियातील पहिले मानले जाते. १९५२ मध्ये या शाखेच्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता.

तत्त्व : लुळा हात वापरायला गेले की अपयश येते, म्हणून रुग्ण तो वापरणेच सोडतो, पुढे थोडी ताकद आली तरी हात मांडीवर पडून राहतो. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञांनी या प्रकाराला ‘शिकलेला अ-वापर’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यावरचा उपाय म्हणून चांगल्या हातात मोजा घालून तो अडवतात व दुबळ्या हाताकडून कामे करून घेतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत (२२२ रुग्ण, झटक्यानंतर ३ ते ९ महिने) दोन आठवड्यांच्या अशा उपचाराने हाताचा वापर सुधारला. मनगट व बोटे थोडीतरी उघडता येणाऱ्यांसाठीच हा उपाय आहे. बाकीच्यांना एका हाताने काम साधण्याच्या युक्त्या शिकवाव्या लागतात. बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याच्या उपचार-संप्रदायाचा चांगल्या हाताने भरपाई करण्यावर आक्षेप होता. आधी हालचालीची ढब सुधारावी, असा त्यांचा आग्रह. प्रत्यक्ष कामाचाच सराव करावा, या मताकडे अलीकडे कल अधिक आहे आणि पुरावाही त्याच बाजूला झुकतो.

मापन : रुग्ण किती स्वावलंबी आहे हे मोजणारा बार्थेल निर्देशांक (१९६५) दहा बाबींवर १०० पैकी गुण देतो, जेवणाला १०, पलंगावरून खुर्चीवर जाण्याला १५. त्यात स्वयंपाक नाही. लॉटन व ब्रोडी यांच्या १९६९ च्या मापनश्रेणीत स्वयंपाक, घरकाम व धुणे आले, पण मूळ मांडणीत हे तीन घटक पुरुषांसाठी मोजले जात नसत. हा दोष लहान नाही: एकट्या राहणाऱ्या विधुराला चहा करता येतो की नाही, हे घरी सोडण्यापूर्वी कळलेच पाहिजे.

घरातील कामे : सुरुवात बसून करायच्या कामांनी होते. मटार सोलणे, मेथी निवडणे, तांदूळ निवडणे यांत चिमूट व नजर दोन्ही लागतात. सुरुवातीला दुबळा हात केवळ जुडी दाबून धरतो. तेवढाही सहभाग मोलाचा असतो. कणीक मळताना परातीखाली ओले फडके घातले की ती सरकत नाही, आणि दोन्ही तळव्यांवर भार येतो. लाटण्याला दोन्ही हात लागतात, म्हणून दुबळा हात चांगल्या हाताबरोबर ओढला जातो. दोरीची रवी ज्या घरांत अजून आहे तेथे ताक घुसळणे हा आळीपाळीच्या हालचालीचा उत्तम सराव. वाती वळणे बरेच पुढचे, बारीक बोटांचे काम. कपडे घालताना दुबळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. नाडीऐवजी इलॅस्टिक, बटणांऐवजी चिकटपट्टी (वेल्क्रो) लावल्यास पुष्कळ अडते ते सुटते.

उजवी बाजू गेली की जेवणाचा हात जातो. डाव्या हाताने जेवायची पाळी आल्यावर अनेक वयस्कर माणसे पंगतीत बसणेच टाळतात. शौचाची व जेवणाची कामे एकाच हातावर येतात, याची त्यांना खरी लाज वाटते. आपल्या समाजात पुनर्वसन रखडण्याचे हे एक मोठे कारण आहे. या बाजूच्या आजारात वाचाही जाऊ शकते, तेव्हा सूचना थोड्या शब्दांत व करून दाखवून द्याव्यात.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यास काहींचे डावीकडचे भान जाते. मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात. असा रुग्ण उजवीकडची भाजी-आमटी संपवतो आणि डावी बाजू तशीच राहते; घरच्यांना वाटते, तोंडाला चव नाही. ताट फिरवून दिले की तो उरलेलेही जेवतो. ताटाच्या डाव्या कडेला बोट टेकवून तेथून पाहायला सुरुवात करण्याची सवय लावतात.

कुटुंबाचा वाटा : येथे पुरावा दुभंगलेला आहे. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१७) घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून पुनर्वसन करून घेतले. सहा महिन्यांनी मृत्यू वा परावलंबन या गटात आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात, दोन्हींत ४७ टक्केच राहिले. उलट ब्रिटनमध्ये प्रशिक्षित उपचारकांनी घरी जाऊन केलेल्या कामाच्या चाचण्यांत दैनंदिन कामांत सुधारणा दिसली. घरच्यांचे कष्ट वाया गेले असा पहिल्या चाचणीचा अर्थ लावू नये. उपचारकाचे काम त्यांच्यावर ढकलून भागत नाही, एवढेच त्यातून निघते. घरात आढळणारी नेहमीची चूक प्रेमापोटीचीच असते: सून किंवा मुलगा घास भरवतो, शर्ट चढवतो, आणि जमू लागलेले काम रुग्णाच्या हातून सुटते. दहा मिनिटे लागली तरी बटण त्यालाच लावू द्यावे.

सावधगिरी : पहिल्या २४ तासांत वारंवार उठवून चालवण्याचा फायदा होत नाही, उलट परिणाम किंचित वाईट होतात, असे २,१०४ रुग्णांच्या चाचणीत (२०१५) दिसले, कामे केव्हा सुरू करावी हे डॉक्टरांनी ठरवावे. दुबळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी चांगल्या हाताने तपासावे. विळी प्रारंभी बाजूला ठेवून खिळे ठोकलेली पाटी वापरतात. बटाटा खिळ्यांत रोवला की एका हाताने सोलता येतो. गॅसजवळचे काम उभे राहण्याचा तोल आल्यावर आणि कोणीतरी जवळ असतानाच.