श्पेट्सले : अंडं उशिरा आलं

दक्षिण जर्मनीत कंपनीच्या कॅन्टीनमध्ये शाकाहारी माणसानं काय खायचं, याचं एक ठरलेलं उत्तर आहे : चीज श्पेट्सले. आखूड, वेड्यावाकड्या नूडल्स, त्यात वितळलेलं चीज आणि वरून तांबूस तळलेला कांदा. पुण्या-नाशिकहून कामासाठी गेलेला आपला माणूस निम्मं ताट संपवतो आणि मग शेजारच्याला विचारतो, यात अंडं तर नाही ना? असतं, आणि भरपूर असतं. घरी करणारे माणशी एक अंडं आणि वर एक जास्तीचं, असा हिशेब सांगतात.

आपली माणसं त्या मुलखात जातात याला कारण आहे. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. नाशिकच्या मायको सर्कलला ज्या कारखान्यामुळे नाव मिळालं, त्याचं मूळही बॉश या जर्मन कंपनीच्या वाटेनं स्टुटगार्टलाच पोचतं. त्यामुळे श्पेट्सले हा शब्द कानावरून गेलेली मराठी घरं कमी नाहीत, आणि 'अंड्याच्या जर्मन नूडल्स' म्हणूनच तो त्यांना माहीत आहे.

गंमत अशी की, कॅन्टीनमधला तो प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी विचारला असता, तर बहुतेक घरांतून 'नाही' असंच उत्तर आलं असतं. ज्या अंड्यावर आज या पदार्थाची ओळख उभी आहे, ते या पिठात फार उशिरा आलं. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत श्पेट्सलेचं पीठ पुष्कळदा नुसत्या पाण्यातच भिजवलं जाई.

बिनअंड्याचं हे पीठ पाण्यात विरघळून कसं जात नसे, याचं उत्तर धान्यात आहे. श्वाबेन म्हणजे जर्मनीचा नैऋत्य भाग : आजच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा मोठा तुकडा आणि त्याला लागून बायर्नचा (बव्हेरियाचा) पश्चिमेकडचा पट्टा. इथल्या श्वाबियन आल्ब या चुनखडीच्या पठारावर माती उथळ, दगड फार, आणि पाऊस पडला तरी पाणी खडकातून खाली निघून जातं. थंडी लांबते. अशा जमिनीत साधा गहू रडतखडत येई. तग धरे तो डिंकल. हा गव्हाचाच जुना भाऊबंद. दाण्याला घट्ट फोल असल्यामुळे दमट हवेत तो बिघडत नाही, पण त्याच फोलामुळे मळणीनंतरही तो मोकळा होत नाही. म्हणून तिथल्या गिरण्यांत दळायच्या आधी फोल काढण्यासाठी जात्यांची वेगळी जोडी असे. जर्मन लोक त्याला 'श्वाबेनचं धान्य' म्हणत. बाराव्या शतकातली संन्यासिनी हिल्डेगार्ड फॉन बिंगेन हिनं तर त्याची तोंडभरून स्तुती केली आहे.

मराठीत डिंकलला सरसकट 'खपली' म्हणून टाकतात, ते बरोबर नाही. फोल दोघांनाही असतं, एवढंच साम्य. आपली खपली ही वेगळी जात, डिंकल वेगळी. पण खपलीची खीर करणाऱ्याला कांडण्याची कटकट सांगावी लागत नाही, म्हणून तुलना सोयीची आहे.

तर डिंकलमध्ये चिकटपणा देणारं प्रथिन भरपूर. पीठ पाण्यात भिजवून नीट फेटलं की तार धरतं आणि उकळत्या पाण्यातही एकत्र राहतं. अंड्याचं बांधण्याचं काम धान्यच करी. गरिबाच्या घरी हे सोयीचं होतं, आणि श्वाबेनमध्ये गरिबांची घरं फार होती. व्युर्टेम्बर्गच्या बऱ्याच भागात वडिलांची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. दोन-तीन पिढ्यांत शेताच्या चिंध्या होत. हे चित्र आपल्याला नवं नाही. अशा घरात कोंबडी असली तरी अंडं ही खायची नव्हे, विकायची वस्तू. श्वाबेनच्या माणसाची काटकसर जर्मनीभर विनोदाचा विषय आहे. तिचं कारण स्वभावात शोधण्याआधी सातबारा तपासावा, असं मला वाटतं.

नावाची कथा गोड आहे, पण सिद्ध झालेली नाही. 'श्पाट्स' म्हणजे चिमणी, आणि श्वाबियन बोलीत कशालाही 'ले' जोडलं की ते चिमुकलं होतं. घराचं घरकुल व्हावं तसं. श्पेट्सले म्हणजे चिमुकल्या चिमण्या. पिठाचा ओला गोळा डाव्या हाताच्या मुठीत चिमणीसारखा धरून चमच्यानं त्याचे तुकडे पाण्यात सोडत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. दुसरा पक्ष म्हणतो, इटालियनमध्ये तुकडे करणे या अर्थाचं 'स्पेत्सारे' हे क्रियापद आहे, तिथून हा शब्द आला. मला चिमणीचं पारडं जड वाटतं, कारण जुन्या कागदात शब्द 'श्पात्सन' असाच सापडतो. १७२५ मध्ये व्युर्टेम्बर्गचे दरबारी वैद्य रोझिनो लेंटिलियस यांनी 'क्न्योप्फलाइन' आणि 'श्पात्सन' म्हणजे पिठापासून बनणारं सगळंच, अशा अर्थाची नोंद केली आहे. क्न्योप्फलाइन म्हणजे बारकी बटणं. व्याख्या इतकी सैल आहे की तिच्यात वळलेलं, पाडलेलं, उकडलेलं काहीही बसावं. आजही लांबट ते श्पेट्सले आणि गोल-थेंबासारखे ते क्न्योप्फले, एवढाच भेद धरतात. पीठ एकच.

अंड्याकडे परत येऊ. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख आकाशभर पसरली. १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. व्युर्टेम्बर्गला त्याचा फार मोठा फटका बसला : पिकं सडली, धान्य कडाडलं, १८१७ मध्ये हजारो लोक घरदार सोडून रशिया आणि अमेरिकेच्या वाटेला लागले. याच काळात गादीवर आलेला राजा विल्हेल्म पहिला आणि त्याची रशियन राणी काटारिना यांनी १८१८ मध्ये होहेनहाइमला शेतीचं शिक्षण देणारी संस्था काढली. त्याच वर्षी कानश्टाटला शेतकऱ्यांचा मेळावा भरवला. ती संस्था आज विद्यापीठ आहे, आणि मेळाव्याची मोठी जत्रा झाली आहे. शेती सुधारली, हातात चार पैसे आले, तशी टोपलीतली अंडी बाजाराऐवजी पिठात पडू लागली. हे एका दिवसात झालं नसणार. पण एकोणिसावं शतक सरताना श्वाबेनमध्ये 'अंड्याशिवाय श्पेट्सले' ही कमीपणाची गोष्ट होऊन बसली होती. पुढे साध्या गव्हाच्या सुधारित जाती आणि रासायनिक खतं आली. उंच दांड्याचा डिंकल खत दिलं की आडवा पडे, त्यामुळे तो शेतातून जवळजवळ हद्दपार झाला. गव्हाच्या मऊ पिठाला बांधायला मग अंडं हवंच झालं. धान्य गेलं आणि अंड्याचं बस्तान बसलं.

चीज श्पेट्सलेचीही तीच तऱ्हा. हॉटेलांच्या मेनूवर तो आल्प्सचा 'प्राचीन' पदार्थ असतो. पण ज्या आलगॉय भागाचं नाव त्याला जोडतात, तो एके काळी जवसाच्या निळ्या फुलांचा मुलूख होता. तिथे लिननचा धागा पिके. स्वस्त सुतापुढे लिनन टिकेना, तेव्हा लोक गुरांकडे वळले. १८२० च्या दशकात योझेफ आउरेल श्टाडलर या व्यापाऱ्यानं स्वित्झर्लंडच्या एमेन खोऱ्यातून चीज करणारे कारागीर आणले, आणि मोठ्या भोकांचं एमेंटालर चीज आलगॉयमध्ये बनू लागलं. म्हणजे त्या चीजचे श्पेट्सले आपल्या पेशवाईपेक्षाही लहान.

श्वाबेनचा खरा घरगुती मान मात्र मसूर आणि श्पेट्सले यांच्या जोडीला. व्हिनेगरनं आंबटसर केलेली दाट मसूर, बाजूला श्पेट्सले, आणि ऐपत असेल तर बारीक सॉसेजची जोडी. मसुरीत कणकेचे तुकडे! वरणफळं किंवा चकोल्या खाल्लेल्या माणसाला हा मेळ सांगावा लागत नाही. आल्बच्या पठारावर ही मसूर पूर्वी पिके, पण काढणीची मेहनत परवडेना म्हणून १९५० च्या दशकानंतर ती संपली. १९८० च्या दशकात लाउटराख गावच्या एका शेतकरी कुटुंबानं परदेशी वाण घेऊन पुन्हा मसूर लावली. आल्बचा मूळ वाण नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. तो २००६ मध्ये सापडला रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे संग्रहात. आज तो पुन्हा त्याच पठारावर उभा आहे. डिंकलही परतला आहे, फक्त आता तो महागाच्या पाकिटात मिळतो.

मार्च २०१२ मध्ये युरोपीय संघानं 'श्वाबियन श्पेट्सले' या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. त्या नोंदीत भरपूर अंडं घातलेलं ताजं पीठ हीच ओळख सांगितली आहे. बिनअंड्याच्या आजीबाईला आता कायद्याच्या दारातही जागा नाही. काही महिन्यांतच श्पेट्सले वेगळ्या कारणानं बातमीत आले. बर्लिनमध्ये स्थायिक झालेल्या श्वाबियनांमुळे घरभाडी वाढतात, अशी तिथल्या जुन्या रहिवाशांची कुरकुर होतीच. जानेवारी २०१३ मध्ये कुणीतरी तिथल्या केटे कोल्विट्झ या चित्रकर्तीच्या पुतळ्यावर श्पेट्सलेचा वर्षाव केला आणि श्वाबियनांसाठी 'स्वतंत्र मुलखा'ची मागणी केली. चेष्टाच होती, पण हाताशी आलं ते हत्यार श्पेट्सलेच होतं, हे बघण्यासारखं.

आता घरचा कट्टा. जुन्या पद्धतीत एक ओली लाकडी फळी लागते, पुढची कड उतरती केलेली. डावभर पीठ तिच्यावर पातळ पसरायचं, फळी पातेल्याच्या काठावर टेकवायची आणि धातूच्या पट्टीनं कडेची बारीक ओळ पाण्यात ढकलायची. पट्टी पाण्यात बुडवायची, पुन्हा ढकलायची. सरावलेला हात सेकंदाला एक-दोन सोडतो. १९३० च्या दशकात दांड्यांनी दाबायचा साचा निघाला. आपला शेवेचा सोऱ्याच, फक्त उभा न दाबता पकडीसारखा दाबायचा. तेव्हापासून खरवडणारे आणि दाबणारे असे दोन पंथ आहेत. खरवडणारे म्हणतात, साच्याच्या शेवया एकसारख्या दिसतात आणि रस्सा धरत नाहीत. मला ते पटतं. ओबडधोबड अंगावरच लोणी आणि रस्सा चिकटतो. क्न्योप्फलेला भोकांची पट्टी लागते, आणि तिथे बुंदीचा झारा मात्र नेमकं काम करतो.

मी पहिल्यांदा पोळपाटावर करायला गेलो. पोळपाटाचे पाय पातेल्याला अडकले, कड जाड होती, निम्मं पीठ शेगडीवर. भाजी चिरायची पातळ फळी आणि सरळ धारेचं उलथनं घेतल्यावर जमलं. तिथे श्पेट्सलेसाठी किंचित रवाळ पीठ वेगळं विकत मिळतं. आपल्याकडे दोन भाग मैदा आणि एक भाग अगदी बारीक रवा चालतो. तीनशे ग्रॅमला तीन-चार अंडी (आपली अंडी लहान असतात), मीठ आणि पाणी अंदाजानं. लाकडी चमच्यानं मारत राहायचं, बुडबुडे येईपर्यंत. चमचा उचलला की पीठ धारेनं न पडता ताणून, जड होऊन तुटलं पाहिजे. अर्धा तास झाकून ठेवायचं, म्हणजे रवा फुगतो. पाणी भरपूर, खारट आणि उकळतं. वर तरंगले की झाऱ्यानं काढून लोण्यात परतायचे.

अंडं न खाणाऱ्या घरी जुनी वाट खुली आहे : कणकेत थोडा रवा, कोमट पाणी, आणि फेटणं दुप्पट. रंग पिवळा येत नाही, चावताना किंचित चिवट लागतं. अठराव्या शतकात आल्बवर बहुधा याच्या आसपासचं काहीतरी ताटात पडत असणार.

उरले तर दुसऱ्या दिवशी तव्यावर लोणी टाकून कडा करकरीत होईपर्यंत परततात, फोडणीच्या पोळीसारखे. आणि मग श्वाबियन माणूस त्यांच्यावर आणखी दोन अंडी फोडतो.