डिझेलच्या धुराची झडती आणि तिचा खर्च

भारतात वाहनांच्या धुरावर नियम आधी आले आणि धुराचा सविस्तर अभ्यास मागाहून झाला. पेट्रोल वाहनांसाठी १९९१ मध्ये आणि डिझेल वाहनांसाठी १९९२ मध्ये पहिली उत्सर्जन मानके लागू झाली. मात्र शहराच्या हवेतील कणांमध्ये डिझेलचा वाटा किती, हे वेगवेगळ्या शहरांत एकाच पद्धतीने मोजलेले नव्हते. सप्टेंबर २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने इंधनाचा दर्जा टप्प्याटप्प्याने सुधारण्याबरोबरच प्रदूषणाच्या स्रोतांचा अभ्यास करण्याचीही शिफारस केली.

त्यातून दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर आणि कानपूर या सहा शहरांचा अभ्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली उभा राहिला. पुण्याचे काम तिथल्याच 'एआरएआय' या वाहन संशोधन संस्थेकडे, तर मुंबई आणि दिल्लीचे नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे होते. खर्चात सरकारबरोबर तेल कंपन्यांचाही वाटा होता. ज्यांचे डिझेल, त्यांच्याच पैशातून त्याची झडती, हे थोडे विचित्र वाटते खरे. पण हे काम खर्चिक आणि चिकाटीचे असते. आधी वजन करून ठेवलेल्या गाळणकागदातून चोवीस तास हवा ओढायची, काळा पडलेला कागद पुन्हा सूक्ष्म तराजूवर ठेवायचा आणि त्यावरील कार्बन, धातू व क्षार वेगळे ओळखायचे, हा क्रम शहरात ठिकठिकाणी आणि निरनिराळ्या ऋतूंत चालवावा लागतो. दुसरीकडे प्रयोगशाळेत फिरत्या रोलरवर गाडी जागच्या जागी धाववून ती दर किलोमीटरला किती ग्रॅम प्रदूषके सोडते, हे मोजावे लागते. निष्कर्षांत मोठ्या कणांमध्ये रस्त्यावरची धूळ ठळक दिसली. सूक्ष्म कणांकडे वळताच वाहनांचा वाटा वाढला.

जून २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला निश्चित कर्ककारक ठरवले आणि चर्चेचा सूर बदलला. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६ मध्ये ही बंदी उठली, ती शोरूममधील मूळ किमतीच्या १ टक्का पर्यावरण शुल्क भरण्याच्या अटीवर. या शुल्काचा निधी केंद्रीय मंडळाकडे जमा होऊ लागला. म्हणजे तेल कंपन्यांपाठोपाठ आता डिझेल मोटार घेणाऱ्याचाही पैसा हवेच्या कामासाठी उभा राहिला.

एप्रिल २०२० पासून देशभर नव्या वाहनांसाठी बीएस-६ (भारत स्टेज-६) ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. रस्त्यावरच्या जुन्या मालमोटारींच्या इंजिनांना मात्र ही मानके लागू नव्हती.