पाळी नको म्हणून पिशवी काढतात?

बीडच्या ऊसतोड बायका पाळीमुळे कामावर खाडा (गैरहजेरी) पडू नये म्हणून हौसेने गर्भाशय काढून घेतात, असं 2019 पासून सर्रास सांगितलं जातं. हे अर्धवट आहे, आणि त्या बायकांवर अन्याय करणारं आहे.

2019 साली शासनाने याच्या चौकशीसाठी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पण ‘हौसेने’ म्हणजे काय, ते बघा. उसाच्या फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, डोक्यावर उसाची मोळी. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं. साध्या औषधाने बरा होणारा संसर्ग असतो बहुतेकदा. खासगी दवाखान्यात मात्र ऐकू येतं, “पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल.” हातात कोयता, घरी लेकरं; दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला ना पैसा, ना वेळ. ती घाबरून हो म्हणते.

ऑपरेशनचा खर्च कुठून येतो? अनेकदा मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, उचलीतून; म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशातून. ती फेडायला पुढच्या हंगामात, टाके ओढत असतानाही, ती पुन्हा फडात वाकते. खाडा पडला की दंड आहेच. याला कुणी राजीखुशी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.