टर्नरने नॉरहॅमचा किल्ला नदीकाठी बसून रंगवला नव्हता

इंग्लिश चित्रकार टर्नरचं नॉरहॅम कॅसलचं (इंग्लंडमधल्या एका किल्ल्याचं) वॉटरकलर दिसलं की कोणीतरी सांगतंच, पहाटे ट्वीड नदीकाठी बसून जागेवरच रंगवलंय म्हणून. तसं नाहीये. १७९७ च्या दौऱ्यात त्याने तिथे पेन्सिल स्केचेस केली, रंगवलं लंडनला परतल्यावर आणि १७९८ ला चित्र तिथल्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात लागलं. बाहेर रंगवायला फार वेळ जातो, तेवढ्यात १५-१६ पेन्सिल स्केचेस होतात, असं त्याचं म्हणणं १८१९ साली नेपल्सहून लिहिलेल्या एका पत्रात आलंय. आणि तो उजेड बघा ना, किल्ल्यामागे सूर्य, किल्ला निळसर सावलीत, असा उजेड टर्नर वॉशचे (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचे) थर सुकू देत, मग रंग पुसून, कागद खरवडून काढायचा, काय कमालीचा हात! आणि हो, १८४५ च्या आसपासचं त्याचं नॉरहॅमचंच दुसरं, धूसर चित्र आहे ना, ते वॉटरकलर नाहीच, ते ऑइल आहे, तेही अपूर्ण.