गावाकडच्या घराचं कुलूप भाऊबंदानं बदललं तर? ताब्याच्या दाव्याची माहिती

खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे) वर्षभर परमुलखात असतात. गावी येणं जत्रेला, नाहीतर लग्नाकार्याला. आणि येऊन बघावं तर दाराला दुसरंच कुलूप! आत आपली ट्रंक, भांडी, देव. चावी मात्र चुलतभावाच्या खिशात.

मग गाडी अडते ती 'घर नावावर कुणाच्या' इथं. पण स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खालच्या दाव्यात मालकी बघतच नाहीत. ताबा तुमचा होता आणि तो संमतीशिवाय, कायदेशीर मार्ग सोडून काढून घेतला, एवढंच दाखवायचं. भाडेकरूलाही हा दावा लावता येतो. सरकारविरुद्ध मात्र नाही. घर एकत्रात असेल, खोल्याही वेगळ्या नसतील, तर वाटपाचाच दावा लावावा लागतो.

मुदत सहा महिने. जत्रेत कळलं तेव्हापासून नव्हे, ताबा गेला त्या दिवसापासून. त्यामुळं मागच्या खेपेला तुम्हीच कुलूप लावून गेलात याचा पुरावा सगळ्यात मोलाचा. फोनमधला तारखेसह फोटो, शेजारच्या काकूंची साक्ष, काहीही चालेल.

सोबत महावितरणची बिलं (परगावाहून भरली असली तरी), घरपट्टीच्या पावत्या, रेशन कार्ड, नमुना ८ चा उतारा, सिटी सर्व्हे झाला असल्यास मिळकत पत्रिका. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद, मालकीचा दाखला नव्हे. तो भावाच्या नावावर दिसला म्हणून हबकू नका.

पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला' हे उत्तर मिळणारच. तरी तक्रार द्या आणि पोच घ्या, तारीख पक्की होते. मारामारीपर्यंत जाण्यासारखं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडंही (तालुक्याला बहुधा तहसीलदार) जाता येतं; तिथं ताबा गेल्यापासून दोनच महिन्यांची मुदत बघतात.

दावा घर ज्या हद्दीत, तिथल्या दिवाणी न्यायालयात. घर परस्पर विकलं जाऊ नये म्हणून मनाईचा अर्ज त्याच दिवशी जोडा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

निकालावर अपील नाही, पण हरलेल्याला मालकीचा वेगळा दावा लावता येतो. सहा महिने उलटले असतील तर ही जवळची वाट बंद. मग मालकीच्या किंवा आधीच्या ताब्याच्या आधारे नेहमीचा दावा, त्याला बारा वर्षांची मुदत आहे.