सक्तीचे कचरा वर्गीकरण (नाशिक)

घर, दुकान, हॉटेल किंवा कारखान्यातला कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगवेगळा ठेवण्याचे कायदेशीर बंधन. लोकांच्या तोंडी याचे नाव ‘ओला-सुका’. नियमांत पुनर्वापराची भाषा असली तरी नागरिकावर सक्ती आहे ती कचरा वेगळा करून देण्याची. त्यातून नवी वस्तू होईपर्यंतचा रस्ता पुढे कचरावेचक, भंगारवाले आणि कारखाने यांच्या हातून जातो.

ही सक्ती आली केंद्राच्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधून. ओला, सुका आणि घरगुती घातक (जुनी औषधे, रंगाचे डबे, बॅटऱ्या) असे तीन भाग त्यांनी ठरवले. रोज सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणारे ‘मोठे कचरा निर्माते’ ठरले आणि त्यांनी ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारातच जिरवावा, असे सांगितले गेले. शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा तर किमान तीन कामाचे दिवस आधी महापालिकेला कळवावे लागे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत सॅनिटरी कचऱ्याचा भाग वेगळा काढून हे वर्गीकरण चौपदरी केले आहे. राज्याची २०१८ ची प्लास्टिकबंदी निराळी. तिच्यात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे.

नाशिकमध्ये या साऱ्याचा दारातला चेहरा म्हणजे घंटागाडी. पाथर्डी-विल्होळी भागात महापालिकेचा खतप्रकल्प आहे. जर्मनीच्या साहाय्याने उभारलेल्या प्रकल्पात हॉटेलांतले खरकटे आणि शौचालयांतला मैला एकत्र कुजवून वीज तयार करण्याची सोय झाली. अशा ठिकाणी शुद्ध ओला कचराच लागतो. खरकट्यात एक पिशवी गेली तरी ती कोणाला तरी हाताने काढावी लागते, म्हणून बादली वेगळी ठेवणे ही कचरा हाताळणाऱ्या माणसाच्या इभ्रतीशी निगडित गोष्ट आहे. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले, ही त्यांतली सर्वांत मोलाची तरतूद म्हणावी लागेल.

सुक्या कचऱ्याचे गणित भंगाराच्या भावावर चालते. पुठ्ठा, पत्रा, बाटल्या यांना गिऱ्हाईक असते. खाऊच्या चकचकीत वेष्टनाला जवळजवळ नसते. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये हटवला, पण एमआयडीसीतला आणि घराघरांतला सुका माल विकत घेणाऱ्यांची गरज काही सरली नाही.

दुधाच्या पिशवीचेच पाहा. धुऊन वाळवलेली पिशवी भंगारात खपते. पण कात्रीने कापून टाकलेला तिचा नखाएवढा कोपरा वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही. तो खरकट्याबरोबर जातो, नाहीतर गटारातून नासर्डीत आणि तिथून गोदावरीत. म्हणून कोपरा पुरता न तोडता पिशवीला लटकता ठेवायचा.